नंदूचं बोट

सेनगावच्या अलीकडे, सडकेपासून आत असलेल्या एका वस्तीवर सीमा आपल्या दोन लेकरांना आणि सासूला घेऊन राहते. नवरा अंगद वर्षातले सहा-सात महिने मेंढरांमागे असतो. खतासाठी आज याच्या रानात कळप बसवायचा, उद्या त्याच्या. दोन-तीन दिवसांनी त्याचा फोन येतो आणि पहिला प्रश्न एकच असतो, "माऊली बोलला का?"

माऊली चार वर्षांचा. अजून त्याच्या तोंडून 'माय' निघालेलं नाही. तहान लागली की माठापाशी जाऊन उभा राहतो, आणि कुणाला कळलं नाही तर अंग टाकून देतो. टाचा घासतो, डोकं आपटतो. ते डोकं जिथं पडेल तिथं आपला हात घालायची सीमाला सवयच लागली होती. तिच्या उजव्या हाताची पेरं कायम सोललेली असत.

धाकटी राजनंदिनी अडीच वर्षांची. तिला सगळे नंदू म्हणतात. तिचं तोंड कोंबड्याबरोबर उघडायचं ते झोपेपर्यंत मिटायचं नाही. आणि भावाचं तिला सगळं कळायचं. तो माठाकडे वळला की ही ओरडायची, "माय, दादाला पानी!" तो कोकरं झाकलेल्या डालग्याकडे बघून चिडला की, "दादाला कोकरू पायजे!" पाणी यायचं, डालगं उचललं जायचं, आणि माऊली आडवा व्हायच्या आतच शांत व्हायचा.

सासूनं, पंचफुलाबाईनं, वाचा फुटावी म्हणून पोपटानं टोचलेला पेरू नातवाला चारून पाहिला होता. नरसीच्या देवळात नेऊन त्याला देवाच्या पायांवरही घातलं होतं. एके दिवशी भाकरी थापणाऱ्या सीमाला ती म्हणाली, "तुला दिसंना का गं? ही पोरगी त्याची वाचा ओढून घिऊन राहिली. थोरल्याच्या आदी धाकटं बोललं का थोरलं मुकं ऱ्हातं."

"असं कुटं असतंय का, आत्याबाई?"

"माझ्या मावशीच्या घरी झालं की! पोरीला गप बसवलं, अन् चार महिन्यात पोरगं पोथी वाचल्यागत बोलाय लागलं. तुमी शिकलेल्या बाया, तुमाला काय सांगावं!"

सीमा बारावी शिकलेली. तिला ते पटलं नाही. पण वाट बघून थकलेलं माणूस न पटलेलंही करून बघतं. दुसऱ्या दिवसापासून माऊलीसमोर नंदूनं तोंड उघडलं की सीमा तिच्या ओठांवर बोट ठेवी. "शूऽऽ. आदी दादा." नंदूला तो खेळ वाटला. ती खिदळायची. मग एकदा चापट बसली, तेव्हा हा खेळ नाही हे तिला कळलं.

दीड महिना गेला. माऊली काही बोलला नाही. उलट त्याला काय हवंय हे सांगणारंच कुणी उरलं नाही. दिवसातून दहा वेळा तो भुईवर. आणि एका दुपारी त्याच्या शेजारी नंदूही आडवी झाली. तिला पाणी हवं होतं. टाचा घासल्या, डोकं आपटलं, पण शब्द काढला नाही. सीमाचे दोन्ही हात दोन डोक्यांखाली गेले.

अंगणवाडीच्या संध्याताईंनी तपासणीची चिठ्ठी कधीची दिली होती. त्याच आठवड्यात दोघांना घेऊन सीमा हिंगोलीला गेली. तिथल्या दवाखान्यातल्या बाईंनी माऊलीचे कान तपासले. त्याच्यासमोर खुळखुळा, चेंडू, चित्रं धरून पाहिली.

"ऐकायला बराबर येतं. शिकवावं लागेल, दर पंधरा दिवसांनी आणत जा. घरात बोलकं लहान भावंड असलं ना, की अशी लेकरं त्याचं ऐकून लवकर शिकतात." मग नंदूकडे बघून त्यांनी विचारलं, "ही बोलते ना?"

नंदू सीमाच्या पदराचं टोक चघळत होती.

"बोलत होती," सीमा म्हणाली.

परतीच्या जीपमध्ये ती सारखी नंदूच्या कानाशी लागली होती. "बोल गं बाई. ते बघ, बैल. म्हण, बैल. माय न्हाई मारणार आता." नंदू बैलाकडे बघत राहिली.

घरी पोचल्या पोचल्या अंगदचा फोन आला. "माऊली बोलला का?" सीमानं अजून नाही म्हणून सांगितलं. "बरं, नंदूला तरी दे. तिची टकळी ऐकून लई दिस झाले."

सीमानं फोन नंदूच्या तोंडाशी धरला.

"नंदे! ए नंदे! जेवलीस का गं?"

नंदूनं फोनकडे पाहिलं. मग समोर बसलेल्या माऊलीकडे पाहिलं. आणि हळूच आपलं बोट आपल्याच ओठांवर ठेवलं.

"आवाज येईना गं," अंगद तिकडून म्हणत होता. "रेंज न्हाई वाटतं."

"व्हय," सीमा म्हणाली. "न्हाई रेंज."