मागची सीट

नव्या रेक्झिनचा वास आला की नौपाड्यातलं ते शोरूम आठवतं. टुरिंगची बाईक कंपनीतूनच माझ्या पसंतीने बनून येणार होती, म्हणून मी स्क्रीनवर मागची सीट काढून सामानाचा कॅरिअर निवडला. "मागे बसायला राहील ना रे जागा?" बाबांनी विचारलं. "तुम्हाला नाही कळणार यातलं," मी सेल्समनसमोरच म्हणालो. घरातला पहिला ग्रॅज्युएट ना मी. बाईक घ्यायला गेलो त्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं हेल्मेट घेऊन आलेले. त्यांनी हार घातला, नारळ फोडला आणि कॅरिअरकडे बघून म्हणाले, "तू हो पुढे, मी येतो रिक्षाने." कळव्याला घरापर्यंत मी एकटाच आलो. नंतर मागची सीट बसवून घेतली. आता बसा म्हटलं की गुडघे दुखतात म्हणतात, आणि मी ते खरं धरतो.