चिक्कीसारखा चाप

केशव गरुड आणि मी शाळेत एका बाकावर बसलो आणि आता कुसगावात एका भिंतीआड राहतो. तेव्हा पुढे जे लिहिलं आहे ते आकसाने लिहिलेलं नाही, एवढं त्याने समजून घ्यावं. सातवीत चित्रकलेच्या परीक्षेला त्याने पेन्सिलीला टोक करायला घेतलं होतं. घंटा झाली तेव्हा टोक सुंदर झालं होतं आणि कागद कोरा होता.

पुढे त्याने टेलिफोन खात्यात नोकरी केली. खात्याच्या क्रिकेट संघात त्याला धावा लिहायला बसवत, कबड्डीत पाणी द्यायला. कुठल्याही संघाच्या यादीत आपलं नाव कधी आलं नाही, हे त्याने मला एकदाच सांगितलं, तेही दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.

निवृत्त झाल्यावर त्याला रायफलचा नाद लागला. माझी जुनी विद्यार्थिनी अश्लेषा हिने गावात एअर रायफलची रेंज काढली. दहा मीटरवर कागदी लक्ष्य आणि छर्ऱ्याची बंदूक. नेम धरावा, चाप ओढावा, इतकाच खेळ असं मला वाटे. केशवने माझं अज्ञान दूर केलं.

"मास्तर, नेम कुणीही धरतो. सगळं या चापात आहे." असं म्हणून तो रायफलच्या चापावर बोट असं टेकवी, जसा वैद्य नाडीवर टेकवतो. "शंभर ग्रॅम जोराला सुटला तर राकट. सत्तरला सुटला तर उथळ. आणि सुटताना कसा सुटला पाहिजे? चिक्कीसारखा! कट्! बोटाला कळायच्या आत. माझा सध्या मऊ पडलेल्या गुडदाणीसारखा ताणतोय."

हे समजावण्यासाठी तो खिशात चिक्की ठेवी. शेंगदाण्याची मोडून दाखवी, ती नापास. तिळाची मोडून दाखवी, ती जवळपास. तुकडे आम्ही खायचे. चार वर्षांत रेंजवरच्या तिघांची साखर वाढली, आणि केशवचा चाप काही जमला नाही. तो रोज संध्याकाळी दोन तास रेंजवर असे. त्यातला पाऊण तास ॲलन कीने, म्हणजे त्या वाकड्या षटकोनी किल्लीने, चापाचा स्क्रू पिळण्यात जाई, पाऊण तास वहीत "हवा दमट, ब्याऐंशी ग्रॅम, किंचित रुसलेला" असं लिहिण्यात. उरलेल्या वेळात तो दुसऱ्यांचे चाप ओढून बघे आणि नाक मुरडी.

सगळ्यात जास्त नाक त्याने झुंबरबाईंपुढे मुरडलं. झुंबरबाई डोंगरावर पर्यटक देखावा बघायला येतात त्या पॉइंटवर फुगे फोडायचा स्टॉल चालवतात. वीस वर्षं पर्यटकांना बंदूक कशी धरायची ते शिकवून त्यांचा हात इतका बसला होता, की अश्लेषा त्यांना आग्रहाने रेंजवर घेऊन आली. स्वतःची रायफल नाही म्हणून त्या क्लबची सगळ्यात जुनी वापरत. तिचा चाप विहिरीच्या रहाटासारखा होता.

"झुंबरबाई, या चापाने नेम लागतो तरी कसा?" केशवने विचारलं.

"मला काय ठावं, भाऊ? म्या वडते, त्यो सुटतो."

"पण किती जड आहे!"

"आवो, बंदूक हाय ती, नवरी न्हाई. किती पारखायची?"

यंदा तळेगावला ज्येष्ठांची सांघिक स्पर्धा ठरली. संघ तिघांचा. दोन जागा ठरल्यासारख्या होत्या. तिसरीसाठी केशव किंवा झुंबरबाई. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निवड. चाळीस गोळ्या, पन्नास मिनिटं. केशवने गल्लीत कुणालाही सांगायचं बाकी ठेवलं नाही. चंद्रिकावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याचा पांढरा टी-शर्ट दोनदा धुतला.

आता यात खंडेनवमी आली. त्या दिवशी रेंजवरच्या सगळ्या रायफली सतरंजीवर मांडल्या, आणि वहिनींनी हळदकुंकू, झेंडू, अक्षता वाहून पूजा केली. नवऱ्याच्या रायफलीवर त्यांनी अंमळ सढळ हाताने अक्षता टाकल्या. निवडीच्या सकाळी अश्लेषा सगळ्यांना म्हणाली, "आधी रायफली झटकून, पुसून घ्या." सगळ्यांनी पुसल्या. केशवने फक्त झेंडू काढला. पूजेतलं एवढ्यात पुसू नये, असं त्याचं म्हणणं.

मला वेळ बघायला बसवलं होतं. केशवने सरावाची दहा मिनिटं बुटाची नाडी योग्य ताणाने बांधण्यात घालवली. मग उभा राहिला, श्वास सोडला आणि पहिली गोळी मारली. दहा गुणांच्या वर्तुळाच्या बरोबर मध्यात!

त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. "मास्तर, चिक्की," तो पुटपुटला.

दुसरी गोळी सातवर गेली. त्याने चापाकडे पाहिलं. "गेलं," म्हणाला, आणि खिशातून ॲलन की काढली. शेजारी झुंबरबाईंचा रहाट एका लयीत चालला होता. मी वीस मिनिटं झाल्याचं सांगितलं, पस्तीस झाल्याचं सांगितलं. परीक्षेत मुलांना सांगायचो त्याच आवाजात सांगितलं आणि त्याचा परिणामही तेवढाच झाला. पन्नास मिनिटं संपली तेव्हा केशवच्या अकरा गोळ्या झाल्या होत्या आणि झुंबरबाई चाळीस संपवून चहा पीत होत्या.

अश्लेषाने त्याची रायफल हातात घेऊन उलटी केली, चापाजवळ टिचकी मारली. टेबलावर कुंकवाने लाल झालेल्या तांदळाचा दाणा पडला, दोन तुकड्यांत. चापामागे अडकला होता तो, आणि पहिल्या गोळीला कट्कन मोडला.

केशवने दोन्ही तुकडे तळहातावर घेतले. ते पुन्हा जुळवून पाहिले.

"कुठला तांदूळ हा?" त्याने विचारलं.

"इंद्रायणी," निवड बघायला आलेल्या वहिनी हळूच म्हणाल्या. "झुंबरबाईंनी वडिवळ्याहून आणून दिला होता."

"म्या खायाला दिल्ता, भाऊ," झुंबरबाई म्हणाल्या.

चार दिवस तो घराबाहेर पडला नाही. पाचव्या दिवशी मी गेलो, तर समोर तीन बश्या होत्या. इंद्रायणी, आंबेमोहोर, कोलम. तो एकेक दाणा नखाखाली मोडून वहीत लिहीत होता. मी अश्लेषाला सांगितलं. तिने त्याला फोनवरच बजावलं, "काका, चापात तांदूळ दिसला तर रेंज बंद तुमच्यासाठी." मग म्हणाली, "आणि राखीव म्हणून तुमचं नाव दिलंय. तळेगावला यायचंय."

यादी छापली गेली. चौथ्या ओळीत नाव, पुढे कंसात 'राखीव'. वहिनींनी ती फ्रिजवर चिकटवली. केशवने ती दोनदा काढून सरळ केली.

स्पर्धेला आम्ही भाड्याच्या गाडीने निघालो. झुंबरबाईंनी क्लबची रायफल पेटीसकट त्याच्या मांडीवर दिली. "सांबाळा, भाऊ. चापाला हात लावायचा न्हाई." त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या. कामशेतपर्यंत केशवने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. कान्हे आलं तसा तो माझ्याकडे झुकला.

"मास्तर, नुसतं बघतो. किती ग्रॅम आहे ते."

झुंबरबाईंनी डोळेही उघडले नाहीत. हात तेवढा लांबवला आणि त्याच्या शर्टाच्या खिशातली ॲलन की काढून आपल्या पिशवीत टाकली.