आईचे पाय

मुलुंडच्या बाजारात परवा निळा प्लास्टिकचा टब दिसला आणि आईच्या केमोचे दिवस आठवले. ती पार खचली होती, धड झोपही लागत नव्हती. ते बघवेना म्हणून बाबा आम्हां दोघींना घेऊन एका निसर्गोपचारवाल्या बाईंकडे गेले आणि म्हणाले, "केमो बंद करतो, तुम्हीच बरं करा हिला." बाई म्हणाल्या, "केमो बंद केलीत तर मी हात लावणार नाही. गाठीचं डॉक्टर बघतील. झोपेचं मी बघते, तेही त्यांना विचारून." डॉक्टर हो म्हणाले. मग बाईंनी सांगितल्याप्रमाणे दुपारी बाबांनी तसल्याच निळ्या टबात पाणी घेतलं, कोपर बुडवून ते कोमटच आहे ना बघितलं आणि आईचे पाय आत ठेवले. तिने ते झटकन ओढून घेतले. "अहो, माझ्या पायांना हात काय लावता!" "गप बस गं," म्हणत बाबा जमिनीवर बसून तिचे तळवे चोळत राहिले. थोड्या वेळाने ती खुर्चीतच घोरायला लागली. पाणी गार झालं तरी बाबा हात काढेनात, तिला जाग येईल म्हणून. आई बरी झाली ती केमोनेच. पण आता त्या दिवसांचा विषय निघाला की तिला औषधांची नावं आठवत नाहीत. बाबांकडे बघून ती नुसती लाजते.