एकोणतिसाव्या दिवसाची बर्फी

डॉ. दीप्ती रामटेके चिडली की वॉर्डातल्या सिस्टर आधी दार लोटून घेत आणि मग एकमेकींकडे बघत. तिचा राग नागपूरच्या मे महिन्यासारखा, टाळता येत नसे. कुणा बापानं तपासणीची तारीख चुकवली, कुणा आईनं औषध चालू असताना लेकराला ठेल्यावरची पाणीपुरी चारली, की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. तरी बोलणी खाल्लेली माणसंच तिच्यावर जीव टाकत. चौदा वर्षांत सुई टोचताना तिनं एकाही पोराला 'दुखणार नाही' असं खोटं सांगितलं नव्हतं. 'दुखेल, पण मी पाच मोजेपर्यंत,' असं सांगायची आणि पाचच मोजायची. मी कुणाशी खोटं बोलत नाही, याचा तिला भारी अभिमान होता.

ती मूळची नंदनवनची. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, वडील आनंदराव पोस्टात, आई इंदूबाई शाळेत शिक्षिका. लहान मुलांच्या कॅन्सरचंच शिकायचं असं तिनं ठरवलं, तेव्हा इंदूबाईंनी कपाळाला हात लावला होता. "दुसरं काही भेटलं नाही काय वं तुले? लेकरं मरताना पाहून तुले जेवण तरी जाईन काय?"

"सगळी नाही मरत, आई. उपचार पुरा झाला तर बहुतेक जगतात."

पुरा होण्याचंच तर दुखणं होतं. रक्ताच्या कॅन्सरला अडीच वर्षं औषध लागतं आणि दरवर्षी पाच-सात मुलं मधेच नाहीशी होत. दीप्तीनं यावर परिषदांमध्ये भाषणं ठोकली होती. दूरची गावं, अंगारे-धुपारे, अडाणीपणा, अशी कारणं ती बोटांवर मोजून दाखवी आणि सभागृह माना डोलवी. यंदा तिनं ठरवलं की हे रीतसर संशोधन करून सिद्धच करायचं. सहा वर्षांत निघून गेलेल्या अडतीस मुलांची यादी काढली आणि वॉर्डातले समाजसेवक चंद्रभानजी यांच्याकडे दिली. चंद्रभानजी निवृत्तीला टेकलेले, बोलायला गोड, दगडालाही बोलतं करतील असे. त्यांनी दीड महिना फोन केले.

एका सोमवारी दुपारी ते तिच्या खोलीत आले आणि न सांगता बसले. एरवी ते बसा म्हटल्याशिवाय बसत नसत.

"एकतीस घरं लागली, मॅडम. काहींनी गाव दूर म्हटलं, काहींनी बाबाकडे नेलं. पण सतरा घरांनी एकच सांगितलं."

"काय?"

"म्हणे, मॅडमनंच सांगितलं पोरगं बरं झालं. मग कायले येऊ?"

दीप्ती हसली. मग तिचं डोकं सणकलं. "मी? मी असं म्हणेन? पहिल्या दिवशी तासभर बसवून सांगते मी, अडीच वर्षं म्हणून."

"पहिल्या दिवशी त्यायले काही ऐकू येते काय, मॅडम? कॅन्सर म्हटलं की कान बंद होते. माह्या बहिणीच्या वेळेस माहे झाले होते." त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "हे सतराही जण फोटोच्या दिवसानंतर यायचे बंद झाले. मी तारखा लावून पाहिल्या."

आता हा फोटोचा दिवस काय, ते सांगायला हवं, कारण तो दीप्तीनंच सुरू केला होता. पहिला महिना फार वाईट जातो. पोरांचे केस जातात, तोंडात फोड येतात, आया कोपऱ्यात तोंड लपवून रडतात. एकोणतिसाव्या दिवशी हाडातला मगज तपासतात आणि बहुतेकांच्या मगजात तेव्हा रोग दिसत नाही. दिसत नाही एवढंच. तो लपलेला असतो, आणि पुढची दोन वर्षं त्या लपलेल्याच्या मागे लागण्यात जातात. पण त्या रिपोर्टच्या दिवशी माणसांना थोडं सुख मिळावं म्हणून दीप्ती धरमपेठेतून स्वतः संत्रा बर्फी आणायची. पोराला नवे कपडे, सिस्टरांच्या टाळ्या, आणि डॉक्टर मॅडमसोबत फोटो. वर्षभरात ती हसायची ती याच दिवसांना.

चंद्रभानजींनी एका सिस्टरनं काढलेला व्हिडिओ लावला. गेल्या फेब्रुवारीतला. मधे दीप्ती, एका बाजूला गुलाबी फ्रॉकमधली मयुरा, दुसऱ्या बाजूला कुहीकडचा रोशन. दीप्तीचाच आवाज: "रिपोर्ट एकदम साफ आहे. यांच्या मगजात आता कॅन्सर दिसत नाही. घ्या, तोंड गोड करा." टाळ्या. मयुराची आई दीप्तीच्या पायांवर डोकं ठेवते, दीप्ती तिला उठवते. संपलं. पुढल्या सोमवारी या, असं त्यात कुठेही नव्हतं. ते कागदावर लिहिलेलं असायचं, इंग्रजीत, खालच्या ओळीत.

तिनं तो तीनदा पाहिला. खोटं एक अक्षरही नव्हतं त्यात. तिला ओरडायचं होतं, पण ओरडायचं कुणावर, ते काही कळेना.

"या सतरापैकी आता किती आहेत?" तिनं विचारलं.

"पंधरा गेले," चंद्रभानजी म्हणाले. "मयुरा आहे, परवा फोनवर तीच बोलली. रोशनच्या घरचा फोन बंद आहे."

मयुराचं घर लकडगंजात होतं, इस्पितळापासून वीस मिनिटांवर. दूरच्या गावाचा सिद्धांत तिथेच गार झाला. तिचा बाप दुर्गेश लाकडं कापायच्या एका आरामशीनवर कामाला होता आणि मागच्याच खोलीत राहायचा. दीप्ती तासाभरात तिथे पोचली, तेव्हा अंगावर भुसा घेऊन तो धावतच आला.

"मॅडम, तुमी? आमच्या घरी? सोनिका, पाहा वं कोण आलं!"

सोनिकानं सतरंजी झटकून घातली. भिंतीवर तो फोटो होता, मोठा करून, चौकटीत बसवलेला, देवांच्या रांगेत. मयुरा शेजारच्या पोरींबरोबर लंगडी खेळत होती. डोक्यावर दाट केस आले होते. पाहूनच दीप्तीला हायसं वाटलं आणि तिनं पोरीला जवळ घेतलं.

"दवाखान्यात काहून नाही आले तुम्ही?" तिनं जमेल तितक्या मऊ आवाजात विचारलं.

नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. "बरी झाली ना, मॅडम," दुर्गेश म्हणाला. "तुमीच तर सांगितलं. सगळ्या गल्लीत आमी पेढे वाटले. तुमचंच नाव घेतो आमी रोज."

"आजकाल जरा पाय दुखते म्हणते," सोनिका म्हणाली. "खेळून राहते ना दिवसभर."

दीप्तीनं फ्रॉक गुडघ्यापर्यंत सारला. नडग्यांवर निळे डाग होते, पाच, सहा, सात. तिनं पोरीला सतरंजीवर निजवून पोटावर हात ठेवला. डाव्या बरगडीखाली फुगलेली प्लीहा हाताला लागली. चौदा वर्षांत हजारदा लागली असेल, पण असा हात तिनं कधी झटकन मागे घेतला नव्हता.

"गुदगुल्या होते," मयुरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तपासणीत सगळं उघड झालं. रोग परतला होता. दीप्तीनं दोघांना खोलीत बोलावलं, दार लावलं आणि म्हणाली, "चूक माझी आहे. त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं."

दुर्गेश संतापेल, टेबलावर हात आपटेल अशी तिची तयारी होती. कदाचित तेच तिला हवं होतं. पण तो तिचीच समजूत घालायला लागला. "तुमची कायची चूक, मॅडम? आमीच अडाणी. एका महिन्यात बरी केली होती ना तुमी? पुन्हा करा. आमी आहो." मग थांबला. "त्या फोटोतला रोशन? त्याच्या बापाले कोणी सांगितलं काय? आमचे पलंग जवळजवळ होते."

"फोन लागत नाही."

"मले गाव माहीत आहे. मी घेऊन येतो त्याले."

बायकोला वॉर्डात पोरीजवळ बसवून तो मोटरसायकलवर कुहीकडे गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी परतला, एकटाच. वॉर्डात न शिरता सरळ दीप्तीच्या खोलीत आला. चंद्रभानजींनी खुर्ची पुढे केली, पण तो उभाच राहिला.

"त्याची तेरवी होऊन गेली, मॅडम. महिना झाला. म्हणे ताप आला, चार दिवसांत संपला." त्याचा आवाज कालच्या माणसाचा नव्हता. "त्याचा बाप मले म्हणे, कॅन्सर नव्हता ना गा, तो तर बरा झाला होता. तुमच्या मॅडमले सांग, दुसऱ्याच कशानं गेला. त्यायले वाईट वाटन म्हणे नाहीतर."

दीप्तीनं टेबलाची कड धरली. चंद्रभानजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"आता माह्या पोरीचं सांगा," दुर्गेश म्हणाला. "पुरं सांगा."

मग तिनं पुरं सांगितलं. पुन्हा पहिल्यापासून, आधीपेक्षा कडक औषधं. हाडातला मगज बदलावा लागेल, त्यासाठी कुणाचा तरी जुळायला हवा. पोरगी फार सोसेल. रिपोर्ट साफ आला तरी घरी जायचं नाही. बोलताना तिनं नजर खाली घातली नाही.

"अशी शंभर पोरं असली, तर किती वाचते?"

"तीस. नशीब असेल तर पस्तीस."

त्यानं दाराकडे पाहिलं. बाहेर सोनिका पोरीला वरणभात भरवत होती, तिचा आवाज येत होता.

"अन् फेब्रुवारीत, तुमी बर्फी दिली त्या दिवशी? तवा किती वाचत होते?"

चंद्रभानजी वळले. त्यांनी नाही अशी मान हलवली, सांगू नका म्हणून. दीप्तीनं ते पाहिलं.

"ऐंशी," ती म्हणाली.