प्लगला लावलाय, पण चढत नाही!

वस्तीवर राहायचं म्हणजे कुणाच्या घरात काय चाललंय ते मुद्दाम विचारावं लागत नाही. विरजण मागायला गेलं की एक गोष्ट कळते, वाटी परत करायला गेलं की दुसरी. लोक मला चौकस म्हणतात. म्हणू देत! पण शेजारच्या अश्विनीच्या लॅपटॉपपायी आमच्या देवळाली प्रवऱ्याच्या वस्तीवर जे जे घडलं, ते मी गेले नसते तर कुणी सांगितलं असतं?

अश्विनी म्हणजे जिजींची सून. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. पदरात तान्हं लेकरू. एका सकाळी मी विरजणाला गेले, तर पोरगी काळ्या स्क्रीनसमोर बसून डोळे पुसतेय.

"काय गं, काय झालं?"

"काकू, मीटिंग चालू असतानाच बंद पडला. प्लगला लावलाय, पण चार्जिंग चढतच नाही. साहेब म्हणाले, येत्या बुधवारी मोठ्या क्लायंटसमोर तुम्हालाच बोलायचंय. त्यातूनही गायब झालात तर घरून काम बंद. पुण्याला येऊन बसा."

"आणि बाळ?"

तिने बाळाला जवळ ओढलं, आणि बाळाने तिच्या पदराचं टोक तोंडात घातलं. विरजण तिथंच विसरले मी.

*

जिजींनी लॅपटॉपला हात लावून बघितला आणि दचकल्या. "आगं, ह्याला तर ताप हाय!"

अश्विनी म्हणाली, "गरम झालं की बॅटरी चार्ज होत नाही म्हणतात, आई."

तिने हे सहज म्हटलं. पण जिजींनी ते मनावर घेतलं! दुपारी बघते तर लॅपटॉप पाटावर, आणि जिजी सुपाने वारा घालतायत. बाळ पाळण्यात रडतंय, त्याला वारा नाही!

मी म्हटलं, "जिजी, नातवाकडं बघा की."

"त्याला काय झालंय? आजारी हे हाय!"

लॅपटॉप गार पडला. टक्के मात्र होते तिथंच.

*

हे घरी सांगितलं, तर आमचे हे ताडकन उठले. आपल्या मोबाईलचा चार्जर घेऊनच गेले. पिन सारखीच होती, बरोब्बर बसली. यांनी कॉलर ताठ केली. "एवढ्यासाठी रडत होतीस व्हय?"

आम्ही सगळे स्क्रीनकडे डोळे लावून बसलो. रात्रीतून कसेबसे तीस टक्के चढले होते. चहा झाला. बघतो तर अठ्ठावीस!

जिजी म्हणाल्या, "आवो, हा चार्जर देतोय का घेतोय?"

अश्विनीने समजावलं, की मोबाईलच्या चार्जरला तेवढी ताकद नसते, लॅपटॉप खातो जास्त. हे गुपचूप चार्जर गुंडाळून घरी आले. रात्री जेवताना एवढंच बोलले, "पिन तर बसली होती."

*

मग संदीप, म्हणजे अश्विनीचा नवरा, लॅपटॉप घेऊन राहुरीला गेला. दुकानदाराने लावला आणि झरझर चार्जिंग चढायला लागलं! त्याने बॅटरी तपासली. म्हणाला, "जुनी झालीय, तासभर टिकंल. पण चार्ज व्यवस्थित होतीय. तुमच्या घरची लाईट बघा."

संदीप खुशीत घरी आला. लॅपटॉप लावला. पुन्हा मढं!

"पोरगं डॉक्टरच्या दारात गेलं की उड्या मारतं, तसं झालं हे," मी म्हटलं.

दुकानदाराचं शेवटचं वाक्य संदीपने सांगितलं होतं, पण कुणी मनावर घेतलं नाही. आमच्याकडे लाईट मंद असणं हा बिघाड धरतच नाहीत. पंखा रेंगाळतो, ट्यूब फडफडते, मिक्सर कण्हतो. त्यात बघायचं काय?

जिजींचं मात्र निदान झालं होतं. "राहुरीत उतरली, हितं परत चढली. नजरच हाय!"

त्यांनी मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. आतल्या खोलीत अश्विनीचा फोनवर कॉल चालू होता. असा ठसका उठला की बोलताच येईना! साहेबांनी विचारलं, "बऱ्या आहात ना?" पोरीने खोकत खोकत सांगितलं, "हो सर, मी बरी आहे. लॅपटॉपची दृष्ट काढतायत."



*

शेवटी कळलं ते पंख्यामुळं. मी त्यांच्या दारात शेंगा फोडत बसले होते. अश्विनी टक्क्यांकडे बघत होती, मी तिच्याकडे. बुधवार जवळ आला होता, तिला जेवण जात नव्हतं. तेवढ्यात पंखा एकदम सुसाट फिरायला लागला.

"काकू, चढतंय! एक टक्का वाढला!"

"शेतीची थ्री फेज गेली वाटतं," मी सहज बोलले.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग बोटावर हिशेब मांडायला लागली. ज्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची असते, तेव्हा दिवसा लॅपटॉप नीट चालतो. दिवसाची असली की आजारी पडतो!

आता गंमत बघा. आमच्याकडे प्रत्येक विहिरीवर मोटरीच्या स्टार्टरला ऑटो बसवलेला. थ्री फेज आली की मोटर आपली आपण चालू होते, माणसाला जावं लागत नाही. सगळ्या वस्तीच्या मोटरी एकाच दमात उचलतात, आणि त्याच एका डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, घरात येणारी लाईट पार मरगळून जाते. लॅपटॉपला उरतंय काय?

आम्ही आमच्या फ्रिजचा स्टॅबिलायझर नेऊन लावला. तो टकटक करून बंदच पडला. इकडे विनास्टॅबिलायझरचा आमचा फ्रिज बंद ठेवला होता, त्यातलं दूध नासलं. पाहुण्यांना कोरा चहा!

आणि बुधवारी नेमकी लाईट दिवसाची होती. दुसरीकडे जाऊन बसावं तर बाळ सोडून राहत नाही. रात्री भरून ठेवावा तर बॅटरी तासभराची, आणि मीटिंग लांबणार हे साहेबांनी आधीच सांगितलेलं.

*

संदीप तसा अबोल. पण आदल्या संध्याकाळी देवळापुढं सगळ्यांसमोर उभा राहिला. मीही होते, कोपऱ्यात. म्हणाला, "उद्या सकाळी तेवढं मीटिंग होईपर्यंत मोटरी बंद ठेवा. अश्विनीची नोकरी हाय."

कुणी खाली बघितलं, कुणी तंबाखू मळली. ऊस तापला होता, पाण्याची पाळी होती. एकेक जण कसाबसा "बरं" म्हणाला.

राहिले तात्या. त्यांची मोटर सगळ्यांत मोठी. ती एकटी चालू राहिली तरी खेळ खलास.

"ऊस लॅपटॉपवर येतो व्हय रं?" तात्या उठले. "लाईट माझ्या बापाची न्हाई, तुझ्या बी न्हाई. आली की मोटर चालू." आणि चालायला लागले.

संदीप घरी गेला, पण आत जाईना. ओट्यावरच बसून राहिला. रात्री तात्या वाटेनं जाताना त्याला तसाच बसलेला बघून गेले.

*

बुधवार. अश्विनी इस्त्रीची साडी नेसून बसली. बाळ जिजींच्या मांडीवर. मी उंबऱ्यात, नजर पंख्यावर. थ्री फेज यायची वेळ झाली.

थ्री फेज आली. पंखा किंचित थबकला... आणि फिरतच राहिला!

मीटिंग सुरू झाली. पोरगी काय इंग्रजी बोलत होती! मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण चार्जिंगचे टक्के कळत होते. चढत होते. तासभर झाला, त्याच्यावरही बराच वेळ गेला. शेवटी क्लायंट लोक गेले आणि साहेब एकटेच मराठीत बोलायला लागले.

"छान झालं, अश्विनी. घरूनच करा काम. पण एक विचारू? एरवी तुमच्यामागं ती मोटरीसारखी घरघर येते, आज एवढी शांतता कशी?"

अश्विनीने लॅपटॉप उचलला आणि दाराकडे फिरवला.

अंगणात सगळी वस्ती बसली होती. ऑटोवर भरवसा नको म्हणून प्रत्येकाने आपापल्या स्टार्टरचे फ्यूजच काढून आणले होते. कुणाच्या हातात, कुणाच्या टोपीत. सगळ्यांत पुढं तात्या, सदऱ्याचा खिसा फ्यूजांनी लोंबलेला.



तात्या उठले, लॅपटॉपच्या पार जवळ आले आणि हात जोडून म्हणाले,

"साहेब, तुमचं उरकलं आसंल तर मोटर चालू करू का?"