दुपारी दोनला बसणारा सर्व्हर

"मॅडम, लवकर करा. बर्फ विरघळून राहिला!"

मेंढपाळ मारोतीकाका खिडकीतून ओरडले. त्यांच्यामागे थेट वारंगा फाट्याच्या रस्त्यापर्यंत मेंढ्याच मेंढ्या. शेळी-मेंढीपालकांच्या संस्थेचं हे ऑफिस. प्रत्येक जनावराच्या कानात नंबरचा बिल्ला. कॉम्प्युटरवर त्याची जुनी नोंद बघायची, मगच लस द्यायची. लस बर्फाच्या डब्यात होती, आणि एक नोंद उघडायला चार मिनिटं लागत होती.

सिस्टिम मीच बसवलेली. लिनक्स सर्व्हर, त्यावर डेटाबेस. मी नांदेडहून पोचेपर्यंत मॅनेजर कदम साहेबांचं निदान तयार होतं.

"नसरीन दोनला ड्युटीवर बसते अन् दोनलाच मशीन बसतं. उद्यापासून तिला गोडाऊनला पाठवतो."

कॉम्प्युटरवर नोंदी बघणाऱ्या नसरीनआपांचे डोळे भरले होते. "मॅडम, सहा महिने हेच ऐकून राहिले. मी नंबर टाकते, बटन दाबते. दुसरं काय करते?"

मी सर्व्हर बघितला. प्रोसेसर जवळजवळ रिकामा, पण डिस्कचा दिवा विझेना. म्हणजे कुणीतरी डिस्कला सारखं राबवत होतं. कोण, हे दाखवणारं ब्लॉकट्रेस नावाचं टूल मी सीडीवर आणलं होतं. कोणता प्रोग्राम डिस्कवर किती वाचतो, किती लिहितो, ते सगळं हे टिपून घेतं.

इन्स्टॉल केलं. चालेना. त्याला लागणारा सिस्टिमचा एक फोल्डर आधी माउंट करावा लागतो, म्हणजे जोडून द्यावा लागतो. जोडला. चाललं! यादीत पहिलंच नाव आलं: ब्लॉकट्रेस. पठ्ठ्या स्वतःचा रिपोर्ट त्याच डिस्कवर लिहीत बसला होता.

"पोलिसानं स्वतःलाच धरलं व्हय?" नसरीनआपा डोळे पुसता पुसता हसल्या. मलाही हसू आवरेना. तेवढ्यात एक कोकरू आत शिरून टेबलाखालच्या वायरी हुंगायला लागलं. कदम साहेब त्याच्यामागे वाकून पळाले.

रिपोर्ट पेन ड्राइव्हवर वळवला. पुन्हा चालवलं. आता नाव आलं बॅकअपचं, म्हणजे सगळ्या नोंदींची जादा प्रत काढून ठेवणाऱ्या प्रोग्रामचं. एक नाही, सतरा बॅकअप एकाच वेळी!

रात्री लोडशेडिंग, म्हणून बॅकअप दुपारी दोनला लावलेला. टाइमटेबलची फाइल उघडली. मिनिटाच्या जागी शून्य हवं होतं, तिथे चांदणीची खूण (*). म्हणजे दोन वाजता एकदा नाही, तर दोन ते तीन दर मिनिटाला एक बॅकअप. ते साठ बॅकअप एकमेकांच्या अंगावर पडत पाच वाजेपर्यंत चालायचे.

कोकरू काखेत धरून कदम साहेबांनी विचारलं, "कुणी लावलं हे?"

"मी."

मग नसरीनआपांनी ओढणी तोंडावर घेतली आणि खांदे गदगदा हलायला लागले. कदम साहेबांनाही हसू फुटलं. त्यांच्या काखेतून कोकरू निसटलं.

मी सगळे बॅकअप बंद केले, चांदणीचं शून्य केलं. नसरीनआपांनी नंबर टाकला. नोंद झटक्यात उघडली. "पुढचं आणा!" त्या खिडकीतून ओरडल्या. डब्यात बर्फ असेपर्यंत शेवटच्या मेंढीला लस मिळाली. कदम साहेबांनी आपांची माफी मागितली, माझ्यादेखत. त्यांच्या आधी मी मागितली होती.

टूल चांगलंच आहे. फक्त ते चालवण्याआधी आपण स्वतः लिहिलेली फाइल एकदा वाचावी.