शत्रूची खुर्ची

दुबईत अल मनखूलच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही तीन कुटुंबं राहायचो. प्लायवूडची पार्टिशनं ठोकून केलेल्या खोल्या. त्यातल्या एकीत मम्मी, डॅडी आणि मी. डॅडी हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्री करायचे. घरी आले की उजवा हात वर जात नसे, शर्ट मम्मी उतरवायची. वसईहून आलेल्या आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं.

स्वयंपाकघर तिन्ही कुटुंबांत एक. शेगडीला चार बर्नर, त्यामुळे गॅसवरून भांडण नाही. सिंक मात्र एकच. शेजारच्या पार्टिशनमधल्या आंटीचं मम्मीशी बिनसलं की ती सिंकमध्ये पापलेट भिजत टाकायची आणि खोलीचं दार लावून टीव्ही बघत बसायची. "मेरी मच्छी को हाथ मत लगाना हां, अभी आती हूँ!" तिचं ते 'अभी' दुपारपर्यंत चालायचं. तांदूळ धुवायचे कुठे? चारही बर्नर मोकळे आणि आम्ही उपाशी. डॅडी जेवायला येऊन नुसता चहा पिऊन परत कामावर गेलेले मी पाहिलेत.

बारावीनंतर मला वसईला मावशीकडे धाडलं. मी स्टॅटिस्टिक्स घेतलं. मावशी म्हणाली, "आकडे शिकून काय करशील गो? नर्सिंग कर, गल्फला लगेच लागशील." नाही केलं. एम.एस्सी. करूनच दुबईला परतले आणि एका सल्लागार कंपनीत चिकटले. काम लष्करी प्रणाली विश्लेषणाचं. म्हणजे सैन्याचं इंधन, पाणी, ट्रक, दुरुस्ती हे सगळं कॉम्प्युटरवर मांडायचं आणि कुठे मोडतंय ते आधीच शोधायचं. मम्मीला अजून वाटतं मी बंदुका विकते.

आमचे मुख्य सल्लागार जर्मन. आम्ही त्यांना डॉक्टर म्हणायचो. उभी हयात त्यांनी तिकडच्या एका संशोधन संस्थेत न झालेल्या युद्धाची गणितं मांडली. बंदूक कधी हातात धरली नाही. दोन जर्मनी एक झाले तेव्हाची गोष्ट ते हसत सांगायचे, "एका आठवड्यात माझा शत्रू गेला, नोकरी तेवढी राहिली." मग त्यांनी तीच गणितं मदतीच्या ताफ्यांना, सुरुंग काढण्याच्या कामाला लावली. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून इकडे आले.

संस्थेतला एक रिवाज त्यांनी सोबत आणला होता. कुठलाही अभ्यास क्लायंटकडे जाण्याआधी एकाने समोरच्या खुर्चीत बसून शत्रू व्हायचं आणि तो अभ्यास मोडून दाखवायचा. त्या दिवशी शत्रूवर कुणी रागवायचं नाही.

आम्ही देशी माणसं. बॉसचं काम मोडायचं म्हणजे काय! पहिल्यांदा खुर्चीत बसले तेव्हा मी म्हणाले, "सर, मॉडेल छानच आहे, फक्त एक छोटीशी शंका..." डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्ही हल्ला करताय की मला चहाला बोलावताय?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने आमचा मॅनेजर. तो पुण्याचा, राहणार अल बर्शातल्या स्वतंत्र फ्लॅटमध्ये, वडील प्राध्यापक. पहिल्याच दिवशी मला म्हणाला होता, "वसईची ना तू? मग इंग्लिश बरं असेल. क्लायंटचे फोन तू घेत जा." प्रोबेशन संपत आलं तसं त्याने सांगून टाकलं, "अ‍ॅनालिस्ट म्हणून तुझं काही जमेलसं दिसत नाही. डॉक्युमेंट कोऑर्डिनेटर करू. पगार तोच." पगार तोच होता, पण फाइली लावायला मी एम.एस्सी. केलं नव्हतं.

पुढचा अभ्यास त्याचा स्वतःचा होता, वाळवंटातल्या तुकडीला इंधन पोचवण्याचा. शत्रू मी. आदल्या दिवशी टेबलाशी येऊन म्हणाला, "उद्या फार हुशारी नको. दोन बारीक मुद्दे काढ, मी मान्य करतो, खलास."

मी म्हटलं, "बघते, सर."

दुसऱ्या दिवशी तो ऐटीत म्हणाला, "उडव किती टँकर उडवायचेत ते. जादा ठेवलेत."

"टँकरला हात नाही लावत, सर. ते भरतात कुठे?"

"डेपोत. एका जागी. सोयीचं पडतं."

"आत जायला रस्ता?"

"एकच. पुरतो."

मी त्या रस्त्याच्या तोंडावर एक भरलेला टँकर बंद पाडला. बाकी काही नाही. मॉडेल चालवलं. मागे रांग लागली, वाढत गेली, आणि पुढची तुकडी कोरडी पडली. टँकर सगळे शाबूत.

"हा काय हल्ला झाला?" तो भडकला. "असं कोण करतं?"

"आमच्या शेजारची आंटी," मी म्हणाले.

डॉक्टरांनी विचारलं, कोण आंटी? मग मी सगळ्यांसमोर सांगितलं. पार्टिशन, चार बर्नर, सिंकमधलं पापलेट, सगळं. आवाज खाली केला नाही.

"तुमच्या घरातलं सिंक मीटिंगमध्ये आणायची काही गरज होती?" मॅनेजर म्हणाला.

"होती, सर. तुमच्या घरी सिंकसाठी थांबावं लागलं नसेल, म्हणून ते तुमच्या मॉडेलमध्ये नाही."

तो उठला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बसा. आज शत्रूवर रागवायचं नाही." मग माझ्याकडे वळून, "त्या बाईंना आमच्या संस्थेने नोकरीवर ठेवायला हवं होतं. अभ्यास बाहेर जाणार नाही. दुरुस्ती तुम्ही दोघं करा. अ‍ॅनालिस्ट म्हणून."

शेवटचे दोन शब्द त्यांनी मॅनेजरकडे बघून उच्चारले.

दुरुस्ती आम्ही केली. इंधन भरायच्या जागा विभागल्या, रस्ते वेगळे काढले. काम सोडून तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. अजूनही फारसा बोलत नाही. न बोलो. अभ्यास क्लायंटकडे गेला तेव्हा पहिल्या पानावर त्याच्या नावाखाली माझं नाव होतं.

डॉक्टर आता मायदेशी परतलेत. शत्रूच्या खुर्चीत कोण बसणार हे आता मी ठरवते, आणि नव्या मुलांना आधीच बजावते, "छान आहे" म्हणालात तर बाहेर काढीन. डॅडींनी लाँड्री सोडलीय. मम्मीच्या स्वयंपाकघरात दोन सिंक आहेत. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, आणि माझ्या कार्डावर सीनिअर अ‍ॅनालिस्ट असं छापलेलं आहे.